एकवीस खुणा, एक रिकामी ओळ

साहेब, माझा घात तुम्ही केलात. शाई तुमची, पेन तुमचं, हात तुमचा. आणि वर चारचौघांत सांगत सुटलात, की मी तर नुसतं वाचलं. आज मी तुमच्याच टेबलावर पडले आहे, चष्म्याच्या डबीशेजारी, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी आहेत. तेवढ्या वेळात माझी कहाणी सांगून होते. तुम्ही ऐका किंवा खिडकीबाहेर बघा. कहाणी मित्रांसाठी आहे. शेवट मात्र तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. वय तीन वर्षं, म्हणजे कागदाच्या मानाने पिकलं पान. दोन पानं, एक टाचणी, बावीस विधानं. प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी. डावीकडे ‘पूर्ण असहमत’, तिचा गुण एक. उजवीकडे ‘पूर्ण सहमत’, तिचे गुण पाच. मधल्या तीन मधल्यांसाठी. लैंगिक अत्याचाराबद्दलचे जे खोटे समज लोकांच्या डोक्यात भाडं न देता राहतात, ते विद्यापीठातल्या पोरापोरींना किती पटतात हे मोजायला माझा जन्म झाला. ताप मोजायला तापमापक असतो ना, तशी मी. माझा आकडा जितका वर, तितका आजार मोठा. एवढं लक्षात ठेवा. ज्यांना पगार मिळतो त्यांच्या ते लक्षात राहिलं नाही.

मला घडवलं मानसशास्त्र विभागातल्या एका बाईंनी. बाईंची नोकरी तात्पुरती, खोली जिन्याखालची, नंबर नऊ. उभं राहायचं तर मान वाकडी करावी लागे. त्यामुळे बाई कायम कुणाच्या तरी म्हणण्याचा विचार करत असल्यासारख्या दिसायच्या, आणि खरंच करतही असायच्या.

माझी विधानं त्यांनी पुस्तकातून उचलली नाहीत. माणसांच्या तोंडून वेचली. उपाहारगृहाच्या रांगेतून वेचली, बस थांब्यावरून वेचली, शिक्षकांच्या खोलीतून तर ओंजळी भरून आणली. पण सगळ्यात चांगलं पीक घरीच आलं. बाई त्यांच्या आत्यासोबत राहायच्या, आणि दर रविवारी त्यांचे मामा जेवायला यायचे. मामा पहिल्या घासाला हवामानावर बोलायचे, दुसऱ्याला राजकारणावर, आणि तिसऱ्याला मुलींवर.

“मी काय म्हणतो,” मामा म्हणाले, “खरंच काही झालं असतं, तर ती त्याच दिवशी बोलली नसती का?”

बाईंनी मांडीवरच्या वहीत लिहिलं. ते माझं सातवं विधान.

“आणि मुलीचं ‘नाही’ म्हणजे निम्मं ‘हो’च असतं. हे काय शिकवायला लागतं?”

बाई लिहीतच होत्या. ते नववं.

“काय लिहितेस गं?”

“तुम्ही बोलता ते, मामा.”

मामांची छाती फुगली. “लिही, लिही. आमचं ऐकतं कोण आजकाल.”

“वाढ गं मामांना आणखी,” आत्या म्हणाली. “पोट रिकामं राहिलं तर गप्प बसतील, मग तुझी वही अर्धीच राहील.”

ही आत्या म्हणजे माझी सुईण. तीस वर्षं टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसलेली बाई. तिच्या खिडकीतून अर्धवट भरलेला एक अर्ज कधी आत गेला नाही, असा तिचा लौकिक. बाईंनी एकसष्ट विधानं जमवली होती. आत्याने ती मोठ्याने वाचली आणि जे माणूस बोलत नाही ते खोडलं. उरली बावीस. बाईंनी माझं नाव ठेवलं होतं ‘लैंगिक-अत्याचारविषयक-मिथकस्वीकृतिमापिका’. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“हे नाव आहे, की दम्याचं औषध?”

मग मी साधी प्रश्नावली झाले. आत्याचे उपकार.

आणखी एक गोष्ट बाईंनी केली. माझ्यात तीन विधानं मुद्दाम उलटी पेरली. बाकीची एकोणीस खोटी, ही तीन खरी. तिसरं: ‘नाही म्हणजे नाहीच.’ अकरावं: ‘तिने कोणते कपडे घातले होते हे विचारण्याचं कारण नाही.’ अठरावं: ‘उशिरा केलेली तक्रारही खरी असू शकते.’ या तिघांचे गुण मोजताना उलटे धरायचे. ज्याला समज पटलेले आहेत तो एकोणीस वेळा उजवीकडे जाईल आणि या तीन ठिकाणी न चुकता डावीकडे येईल. जो न वाचता खुणा करत सुटेल तो सरळ रेषेत चालेल आणि पकडला जाईल. छोटीशी युक्ती. पुढे हीच उपयोगी पडली, पण ज्यांच्यासाठी केली होती त्यांच्यावर नाही.

मग मी मान्यतेसाठी गेले.

विद्यापीठात कोणताही कागद मुलांना द्यायचा तर संशोधन-मान्यता समितीची सही लागते. समितीचे अध्यक्ष साहेब. वाहनतळ समितीचे अध्यक्षही साहेब. उद्यान समितीचे, उपाहारगृह समितीचे आणि तक्रार निवारण समितीचेही साहेबच. एखाद्याने वाहनतळाबद्दल तक्रार केली, की साहेब साहेबांना पत्र लिहायचे आणि साहेब त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारायचे. चर्चा कुठे व्हायची ते आरशालाच ठाऊक.

बाईंनी त्यांच्यासमोर माझी झेरॉक्स ठेवली. साहेबांनी ती पेनाच्या टोकाने परत सरकवली.

“मी झेरॉक्सवर नजर टाकत नाही. मूळ प्रत आणा.”

मित्रांनो, त्यांची ही सवय साऱ्या इमारतीला माहीत होती. लग्नपत्रिकासुद्धा मूळ मागतील असं शिपाई म्हणायचे. तर मूळ प्रत म्हणजे मी. बाईंनी मला कोऱ्या निळ्या फाइलीत घातलं, कोपरे सरळ केले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तिथे मी पाच महिने एका काचेच्या बदकाखाली दबून होते. बदकाने माझ्याकडे एकदाही खाली पाहिलं नाही. साहेबांकडून शिकलं असावं.

सहाव्या महिन्यात एका दुपारी साहेबांना काहीच काम नव्हतं. त्यांनी बदक बाजूला केलं, पेन उघडलं आणि मला वाचायला घेतलं. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. कागदाला दुसरं काय हवं असतं?

पहिलं विधान: ‘रात्री एकटी फिरणारी मुलगी संकट ओढवून घेते.’

“अगदी बरोबर,” साहेब म्हणाले. पूर्ण सहमत. खूण.

दुसऱ्यावर त्यांनी मान डोलावली. “बाईंना विषय कळलेला दिसतो.” पूर्ण सहमत. खूण.

तिसरं. ‘नाही म्हणजे नाहीच.’ साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “हे चुकून आलेलं दिसतं.” पेन सगळं टेबल ओलांडल्यासारखं डावीकडे गेलं. पूर्ण असहमत. खूण.

मित्रांनो, मला चौकशीला पाठवलं होतं आणि मला अभिनंदन मिळत होतं. आपल्याला वेडं ठरवायला आलेल्या डॉक्टरच्या पाठीवर थाप मारून रुग्णाने म्हणावं, वा, काय छान ओळखता हो तुम्ही, तशी माझी गत. सातव्यावर, म्हणजे मामांच्या विधानावर, साहेब चक्क हसले. मामा आणि साहेब आयुष्यात भेटलेले नाहीत. पण दोघं एकाच नळाचं पाणी.

तेराव्यापर्यंत गाडी सुसाट गेली. चौदाव्यावर पेन टेकलं, आणि फोन वाजला.

चौदावं विधान असं: ‘ओळखीच्या माणसाने केलेली जबरदस्ती ही खरी जबरदस्ती नसते, तो गैरसमज असतो.’

फोन साहेबांच्या मुलीचा होता. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. “हं, बोल बाळा... उशीर होणार? किती?... कोण सोडणार? कोण तो?... वर्गातला आहे म्हणजे काय?” आवाज पुन्हा कडक झाला. “ओळखीचा आहे म्हणून काय झालं? ओळखीच्यांचीच जास्त भीती असते. तू आहेस तिथेच थांब. मी गाडी घेऊन निघालो.”

फोन ठेवला. पेन अजून माझ्यावरच टेकलेलं होतं आणि त्याच्याखाली शाईचा मोहरीएवढा ठिपका झाला होता. साहेबांनी चौदावं विधान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला त्यांचा श्वास अंगावर लागत होता. मग त्यांनी ते सोडून दिलं, पंधराव्यावर उडी मारली, उरलेल्या खुणा भराभर केल्या, वर ‘मान्य, कार्यवाही करावी’ असं लिहून सही ठोकली आणि गाडीची किल्ली उचलून पळाले.

एकवीस खुणा. एक रिकामी ओळ.

इथून माझी रवानगी नानांकडे झाली. नाना हे कार्यालयातले ज्येष्ठ लिपिक. नियमाबाहेर ते शिंकतही नसत. साहेबांची सही पाहून त्यांनी मला थेट झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. बाईंना दाखवलं नाही, कारण बाईंनीच लेखी दिलं होतं, की मुलांवर आपला दाब पडू नये म्हणून गठ्ठे सीलबंद जावेत आणि सीलबंदच परत यावेत. मधे बाई हात लावणार नाहीत. बिचारी. स्वतःच्या दाबाची काळजी करत राहिली.

झेरॉक्सवाला जरा विचारी होता. त्याने मला काचेवर ठेवलं, मग उचललं आणि नानांना फोन लावला.

“नाना, याच्यावर खुणा आहेत. पांढऱ्या शाईने घालवू, की आहेत तशा काढू?”

“साहेबांची सही आहे ना?”

“आहे.”

“मग सही झालेल्या कागदात टिंबाचासुद्धा फरक चालत नाही. आहे तशी काढ.”

एका दुपारी मला चारशे बारा लेकरं झाली. बाळंतीण मी एकटी, आणि सगळ्यांचं नाक साहेबांवर गेलेलं.

आता वर्गातलं ऐका. परत आल्यावर लेकरांनीच मला सांगितलं. गठ्ठा फुटला, कागद वाटले गेले. वर ठळक अक्षरांत सूचना होती: ‘यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. तुम्हाला जे वाटतं तिथे खूण करा.’ ही सूचना कुणी वाचली नाही, कारण त्याखाली त्याहून जास्त मोलाची वस्तू होती.

“अरे, उत्तरं छापूनच आलीत की.”

“दाखव. आयला, खरंच. आजवरची सगळ्यात चांगली परीक्षा.”

“परीक्षा नाहीये ती. मत विचारलंय.”

“मग मतही छापून आलंय. तुला काय त्रास आहे?”

पहिल्या बाकावरच्या एकीने हात वर केला. वर्ग तिला गुणपत्रिका म्हणायचा. “सर, छापलेल्या खुणांवरच गिरवायचं, की शेजारी वेगळी खूण करायची?”

देखरेखीच्या सरांना वर्तमानपत्रातून मान वर काढावी लागली. “वरून आलेत ना कागद? मग विचार करूनच पाठवले असतील. आणि एकमेकांचं बघू नका.”

चारशे बारांपैकी बहुतेकांनी एकमेकांचं न बघता एकच उत्तर लिहिलं. काहींनी तर साहेबांची सहीसुद्धा गिरवली. थोडे आडमुठे होते, त्यांनी छापलेली खूण खोडून आपली केली. त्यांचं भलं होवो. बाकीचे गिरवत गिरवत तेराव्यापर्यंत आले, आणि सगळा वर्ग अडला.

“सर, चौदाचं उत्तर आलेलं नाही.”

“नसेल तर ऐच्छिक असेल.”

तर मित्रांनो, त्या एका ओळीवर त्यांना स्वतःचं डोकं वापरावं लागलं. कुणी पाचावर गेलं, कुणी एकावर, कुणी तीनवर खूण करून खोडली. माझ्या आयुष्यात मी खरं मोजमाप केलं असेल तर ते एवढंच. एकवीस ओळींनी साहेबांना मोजलं, एका ओळीने मुलांना.

आणि एका लेकराच्या समासात, चौदाव्याच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘तो ओळखीचा होता. मी ओरडले नाही. आवाजच फुटला नाही. आता मी कुठे खूण करू?’

तिथे खूण नव्हती. पाचही चौकटी रिकाम्या होत्या.

गठ्ठे कार्यालयात परत आले. कागदांवर नावं नव्हती, आणि बाई मधे हात लावणार नसल्यामुळे बेरजा नानांनी करायच्या असं ठरलं होतं. नाना पट्टी लावून बेरजा करत बसले. उलटी विधानं उलटी धरा असं लिहून दिलं होतं, ती त्यांनी इमाने इतबारे उलटी धरली. सरासरी आली एकशेदहापैकी नव्याण्णव. बरोब्बर नव्वद टक्के. नानांनी आकडा साहेबांपुढे ठेवला.

तापमापकात पारा एकशेपाचला भिडला, की आपण बर्फ शोधतो. साहेबांनी पेढे नाही, पण फलक मागवला. विद्यापीठातल्या माणसाला आकडा दाखवा, तो टक्केवारी काढतो. टक्केवारी चांगली निघाली, की सत्कार ठरवतो. कशाची टक्केवारी हे विचारणं त्याला अभ्यासक्रमाबाहेरचं वाटतं. दोनच दिवसांत फाटकावर बारा हात लांबीचा फलक लागला: ‘ऐतिहासिक यश. लैंगिक अत्याचार जागृती चाचणीत आमच्या विद्यार्थ्यांना ९० टक्के.’ खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो.

सभागृहात बाईंना पुष्पगुच्छ दिला गेला. साहेब भाषणात म्हणाले, “बाईंनी जे जे मांडलं, ते सगळं आमच्या मुलांना पटलेलं आहे. मलाही पटलेलं आहे.” टाळ्या पडल्या. इतकं खरं भाषण त्या सभागृहात त्याआधी झालं नव्हतं. बाई पुष्पगुच्छ धरून उभ्या होत्या, आणि आपला उंदीर मांजराच्या ताटात वाढलेला बघावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी गठ्ठे उघडले. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, मग मला बाहेर काढलं. साहेबांची सही. एकवीस खुणा. बाई खुर्चीत बसल्या, आणि हसायला लागल्या. आत्या म्हणते तसं, रडू येण्याआधी माणूस थोडं हसून जागा करून घेतो. मग गठ्ठा उलटताना त्यांच्या हाताला तो समास लागला, आणि हसू थांबलं ते थांबलंच.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन साहेबांसमोर उभ्या.

“साहेब, या खुणा तुमच्या?”

“वाचल्याच्या खुणा आहेत त्या. मी कागद ओळ न् ओळ वाचतो.”

“अठरा ‘पूर्ण सहमत’च्या खाली?”

“तिथे जागा होती.”

“तिसऱ्या, अकराव्या आणि अठराव्याला तुम्ही डावीकडे गेलात.”

“हात हलला असेल. वय झालं.”

“तिन्ही वेळा बरोबर त्याच ओळींवर?”

साहेबांनी बदक उचलून दुसरीकडे ठेवलं. “बाई, नव्वद टक्के आलेत तुमच्या कामाला. लोक चाळीसला तरसतात.”

“साहेब, ते नव्वद म्हणजे आजार आहे. फलक उतरवा आणि मला पुन्हा मोजू द्या.”

“उतरवलेला फलक कुणी पाहिला तर काय म्हणेल? संशोधन यशस्वी झालं, आता दप्तरी दाखल करा.”

झालं. वजनकाट्यावर हात ठेवून वजन केलं, आणि काट्यालाच माळ्यावर टाकलं. मी कपाटात गेले. माझ्याखाली सायकल तळाचे नियम, माझ्यावर कुठल्याशा स्पर्धेचा कान तुटलेला चषक. कसर येऊन माझा कोपरा चाखून गेली आणि परत आली नाही. इतकं कडू कागदात काय असतं याचं तिलाही नवल वाटलं असेल. चार महिने. मित्रांनो, दुर्लक्षाची मला सवय आहे, पाच महिने बदकाखाली काढलेत. पण समासातली ती ओळ जिच्या अंगावर होती, ते माझं लेकरू त्याच कपाटात खालच्या गठ्ठ्यात होतं, आणि त्याचा प्रश्न मला रोज ऐकू यायचा.

ती मुलगी बाहेर काय करत होती, ते नंतर कळलं. माझ्या शेवटच्या ओळीत बाईंनी लिहून ठेवलं होतं: ‘काही बोलायचं असेल तर खोली नंबर नऊ.’ ती दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेली. तिसऱ्यांदा आत आली. तिचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. बाईंनी तिला खुर्ची दिली, स्वतः मान वाकडी करून उभ्या राहिल्या आणि तासभर मधे बोलल्या नाहीत. मग तिने तक्रार लिहिली. तक्रार गेली तक्रार निवारण समितीकडे. अध्यक्ष साहेब.

अर्ज हातात घेऊन साहेबांनी तिला पहिलाच प्रश्न काय विचारला?

“इतके दिवस का थांबलीस?”

माझं सातवं विधान. पुढे फक्त प्रश्नचिन्ह लावलं होतं. सुनावणी गुरुवारी अकराला ठरली. म्हणजे त्या पोरीला बावीसच्या बावीस विधानांसमोर बसायचं होतं, आणि या वेळी ती छापील नव्हती, त्यांना तोंड होतं.

बाईंनी कुलगुरूंकडे अर्ज केला, की या सुनावणीला दुसरा अध्यक्ष द्या, कारण याच विषयावर साहेबांचं मत लेखी उपलब्ध आहे. वरून उत्तर आलं: मूळ प्रत जोडावी. सवय वरपर्यंत पोचलेली होती. बाई नानांकडे गेल्या. नानांनी हात जोडले.

“दप्तरात गेलेला कागद बाहेर निघत नाही, मॅडम. तुमच्या अश्रूंनाही नियम आहे.”

“मी रडत नाहीये, नाना.”

“मग तर प्रश्नच नाही.”

बाईंनी घरी येऊन सांगितलं. आत्याने ताट बाजूला सारलं. “कागद पूर्ण भरलेला होता का गं?”

बुधवारी सकाळी आत्या कार्यालयात हजर. हातात कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. नानांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

“नाना तुम्हीच का? नाव ऐकलंय. तुम्ही म्हणे अर्धवट अर्ज दाखल करून घेता.”

नानांचा चहा कपातच थांबला. “कोण म्हणालं? एकतीस वर्षांत एकही नाही.”

“मी तीस वर्षं खिडकीत बसले. आमच्याकडे एक रकाना रिकामा असला, की अर्ज भरणाऱ्याच्या हातात परत. मग तो कलेक्टर असो, की कोण असो.”

“आमच्याकडेही तोच नियम आहे, ताई.”

“असेल. कपाटातला एक कागद मात्र वेगळं सांगतो म्हणतात.”

माणसाला शिवी दिली तर तो दुसऱ्या दिवशी विसरतो. लिपिकाच्या दप्तरावर बोट ठेवलं तर त्याला त्या दिवशी जेवण जात नाही. नानांनी किल्ल्या काढल्या. चषक बाजूला केला, मला ओढलं, धूळ झटकली आणि बोट लावून मोजायला सुरुवात केली. बारा. तेरा. चौदावर बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा चौदावर थांबलं. नानांचा चेहरा कागदासारखा झाला, आणि हे मी कागद असून म्हणते.

“भरणारे कोण?” आत्याने विचारलं.

“सही साहेबांची आहे.” नानांनी घसा साफ केला. मग खालच्या गठ्ठ्यात बाईंनी सगळ्यात वर ठेवलेलं ते समासातलं लेकरूही त्यांच्या नजरेला पडलं. ते त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, दोनच ओळी होत्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, बेरीज मी केली होती. मी फक्त बेरीज केली.”

“मग आता वजाबाकी करा,” आत्या म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

नानांनी माझ्यावर एक चिठ्ठी टाचली. वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही: ‘क्रमांक १४ भरावयाचा राहिला आहे. अपूर्ण प्रपत्र दप्तरी ठेवता येत नाही. कृपया पूर्ण करून सहीनिशी परत द्यावे. प्रपत्र गुरुवारी सुनावणीआधी अर्जासोबत वर जावयाचे आहे.’ आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक काम सांगितल्याशिवाय केलं. नियमाप्रमाणे माझी एक साक्षांकित प्रत काढून खोली नंबर नऊच्या दाराखालून सरकवली.

तर मित्रांनो, अशी मी इथे आले. निरोप घेण्याआधी कागद काहीतरी मागतोच, तसं मीही मागते. मला घडी घालू नका, माझ्यावर कप ठेवू नका, असलं काही म्हणत नाही. खुशाल ठेवा कप. पण मी तुमच्या हातात आले, की तुमची खूण तुम्ही करा. छापून आलेल्या खुणेवर पेन फिरवणं म्हणजे मत देणं नव्हे, ते दुसऱ्याच्या तोंडाने बोलणं आहे. आणि समासात कुणी काही लिहिलं असेल, तर बेरीज करण्याआधी ते वाचा.

आता तुम्ही, साहेब. अकराला दोन मिनिटं आहेत. बाहेरच्या बाकावर ती बसली आहे, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला आत्या पिशवी मांडीवर घेऊन. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. मग मला वाचलंत. शाईचा तो मोहरीएवढा ठिपका तुम्हाला ओळखू आला, कारण तुम्ही माझ्यावरून नजर काढून आधी फोनकडे पाहिलंत.

वाचल्याच्या खुणा होत्या म्हणता ना? मग चौदावं दोनदा वाचलंत, त्याला खूण का नाही? उत्तर तुम्हाला येतं. तुमच्या मुलीला ते तुम्ही तोंडी सांगितलंत, आणि गाडी काढून धावलात. बाकावरच्या पोरीसाठी कुणी गाडी काढली नव्हती. तिच्यासाठी पेन तेवढं उचलायचं आहे.

खूण डावीकडे केलीत, तर उरलेल्या एकवीस खुणा खोडाव्या लागतील आणि आज या खुर्चीतून उठावं लागेल. उजवीकडे केलीत, तर हीच खूण मुलीला घरी जाऊन दाखवावी लागेल. मधली चौकटही आहे, ‘सांगता येत नाही’. पण तुम्हाला सांगता येतं, मी ऐकलंय.

दार वाजलं, साहेब. ती आत येण्याआधी सांगा. ओळखीच्या माणसाने केलेली जबरदस्ती ही जबरदस्ती असते, की नसते?